प्रत

आमच्या घरातला सीडी प्लेअर उघडायला तीन माणसं लागतात. मी बटण दाबतो. ट्रे बोटभर बाहेर येतो आणि अडतो. मुलगी नखानं त्याला ओढते. आणि अण्णा पलंगावरून हाताची खूण करतात, तळहात उताणा, बोटं एकदा मिटून उघडायची. म्हणजे, सोडा आता, चालू करा.

ही खूण कारखान्यातली. अण्णा सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत जॉबर होते, म्हणजे माग नीट चालते ठेवणारे. चोवीस मागांच्या शेडमध्ये शेजारच्याच्या कानाशी जाऊन ओरडलं तरी त्याला ऐकू जात नाही, त्यामुळं सगळा कारभार ओठांवर आणि हातांवर. आडवा धागा घेऊन पळणारा धोटा अडकला, त्यातली सुताची कांडी संपली, चहा आला, मालक आला, सगळ्यांच्या खुणा ठरलेल्या. मालकाची खूण इथं वर्णन करण्यासारखी नाही.

मुलगी पुण्याला इलेक्ट्रॉनिक्स शिकते. मे महिन्यात हुतात्मा एक्स्प्रेसनं घरी आली, दुपारी चव्वेचाळीस अंशांत आम्ही तिघं पंख्याखाली पडलेलो, आणि ट्रे ओढता ओढता ती म्हणाली, "पप्पा, हे सगळं फोनवर आहे. आता तर लॉसलेसही आहे. मग हे धूड कशाला?"

"सीडीचा आवाज वेगळा असतो गं."

"वेगळा म्हणजे कसा?"

मला सांगता येईना. वीस-बावीस वर्षं मी हे वाक्य लोकांना ऐकवत आलोय. नवी पेठेतल्या दुकानातून अडीचशे रुपयांची पहिली सीडी घेतली तेव्हा कॅसेट पस्तीस-चाळीसला मिळायची. एवढे पैसे घातल्यावर आवाज वेगळा लागणारच. पण कसा, हे कुणी विचारलंच नव्हतं.

मराठीत नकलेलाही प्रत म्हणतात आणि दर्जालाही. उंची प्रतीचं सूत आणि कागदपत्राची प्रत, शब्द एकच. त्या दुपारपासून पुढचे आठ दिवस आमच्या घरात जो वाद झाला, त्यात आम्ही दोघं एकमेकांशी एकाच शब्दात दोन वेगळ्या गोष्टी बोलत होतो. हे मला शेवटी शेवटी कळलं.

आधी सीडीचं सांगतो, कारण सोलापूरकराला ती समजायला सोपी. आपली चादर जकार्डवर विणतात. वर पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ फिरत असते. जिथं भोक आहे तिथला ताण्याचा उभा धागा उचलला जातो, जिथं नाही तिथला खाली राहतो. मोर असो की कमळ, कार्डाला त्यातलं काही माहीत नसतं. त्याच्यापाशी भोक आहे किंवा नाही, एवढंच. सीडीवरही असेच सूक्ष्म खड्डे असतात, आतून बाहेर जाणाऱ्या एकाच लांबलचक वाटेवर, आणि वाटेच्या दोन फेऱ्यांत अंतर १.६ मायक्रॉन. फरक इतकाच, की खड्डा म्हणजे एक आणि सपाट म्हणजे शून्य असा तिथला हिशेब नाही. खड्ड्याची कड आली की एक, कड येत नाही तोवर शून्य.

त्या खड्ड्यांतून आवाजाची मापं निघतात. सेकंदाला ४४,१००, डाव्या कानाची वेगळी, उजव्याची वेगळी. प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांच्या जिन्यावरची एक पायरी. हे फिलिप्स आणि सोनीनं १९८० मध्ये ठरवलं आणि १९८२ च्या ऑक्टोबरात जपानमध्ये पहिला प्लेअर दुकानात आला. ४४,१०० हा आडमुठा आकडा कुठून आला, तर त्या काळी एवढी मापं साठवायला व्हिडिओ टेपच होती, आणि तिच्या रेघांच्या हिशेबात तो बसत होता. पण एक कंपन पकडायला निदान दोन मापं लागतात, म्हणून त्याच्या अर्ध्यापर्यंतचे, सेकंदाला २२,०५० कंपनांपर्यंतचे सूर त्यात मावतात. माणसाचा कान फार तर २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो. म्हणजे कानाच्या कुंपणाबाहेर जरा जागा सोडून बांधलेलं घर. सेकंदाला १,४११ किलोबिट लागतात त्याला, मिनिटाला दहा एमबीच्या वर.

सीडीतली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट मात्र आवाजाची नाही, रफूची आहे. चादरीत शेजारशेजारचे दहा धागे तुटले की मोराचा पाय जातो. सीडीत शेजारचे आकडे शेजारी ठेवतच नाहीत. ते लांब लांब विखरून टाकतात आणि सोबत पडताळ्याचे जास्तीचे आकडे विणतात. ओरखडा एका जागी पडला तरी प्रत्येक नक्षीतला एखाददुसराच धागा जातो आणि तो उरलेल्यांवरून अचूक काढता येतो. जवळजवळ अडीच मिलिमीटरचा ओरखडा ती अशी गिळते. म्हणून सीडी गोल गोल पुसायची नाही, मधून बाहेर सरळ पुसायची. गोल ओरखडा वाटेच्या दिशेनं जातो आणि लांबवर सलग धागे तोडतो. आणि आपण जपतो ती चकचकीत बाजू, पण नाजूक असते ती छापील बाजू. ॲल्युमिनियमचा थर त्या लेबलाच्या अगदी खाली असतो. मी कितीतरी वर्षं सीड्या छापील बाजूवर उताण्या ठेवत होतो.

हे सगळं मी मोठ्या ऐटीत मुलीला सांगितलं. ती म्हणाली, "बरं. आता एमपीथ्री समजावते, तुमच्याच कारखान्यातून."

माग चालू असताना कुजबूज ऐकू येत नाही. मग ती कुजबूज साठवायचीच कशाला? एवढीच ती कल्पना. मोठा आवाज आपल्या आजूबाजूच्या सुरातला बारीक आवाज कानापासून झाकून टाकतो, त्याच्या किंचित आधीचा आणि नंतरचाही. जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेतल्या कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे झाकलेलं शोधून टाकून द्यायची रीत बसवली. तिची परीक्षा घ्यायला ब्रांडेनबुर्गनी सुझान वेगा या गायिकेचं एक गाणं वापरलं, कुठलंही वाद्य नाही, नुसता गळा. सुरुवातीला त्या गळ्याचे पार हाल झाले. बरोबरच आहे, एकट्या गळ्याला झाकायला मागच नाही ना शेजारी! लपवाछपवी उघडी पडली. ती दुरुस्त करत करत रीत सुधारली.

लॉसलेस म्हणजे काहीच न टाकता घडी घालणं. चादर घडी केली की जागा कमी लागते, उलगडली की धागा न् धागा तोच. ॲपलनं २०२१ च्या जूनमध्ये जादा पैसे न घेता हे सुरू केलं, स्पॉटिफायनं २०२५ च्या सप्टेंबरात काही देशांपासून सुरुवात केली. त्याआधी स्पॉटिफायची वरची पायरी ३२० किलोबिटची होती. सीडीच्या पावपटीहूनही कमी.

"पाव पण नाही," मी विजयी मुद्रेनं म्हणालो.

"पप्पा, तुमच्या कपाटातल्या अर्ध्या सीड्या उघडून बघा," ती म्हणाली.

आणि इथं माझी पहिली विकेट पडली. कारण आपल्याकडं 'सीडी' म्हणून जे घरोघर आलं, ते बहुतेक करून सीडी नव्हतंच. आठवतंय का? पातळ प्लास्टिकच्या पाकिटात, धूसर छापलेल्या कव्हराची, '१५० सुपरहिट', तीस-चाळीस रुपये. सातशे एमबीच्या चकतीवर दीडशे गाणी बसवायची तर सेकंदाला १२८ किलोबिटच वाट्याला येतात, आणि ती फाईल कुणी कुठल्या कॅसेटवरून, कितव्यांदा काढली त्याचा पत्ता नाही. लग्नात, गड्ड्याच्या जत्रेत, एसटी स्टँडबाहेरच्या टपरीवर आपण ऐकली ती ही. आज कुणी "सीडीचा जमाना काय होता!" म्हणतो, तेव्हा त्याच्या कानात बहुधा हीच वाजत असते, आणि तिच्यापेक्षा फुकटातलं स्ट्रीमिंगसुद्धा बरं. घरी कॉम्प्युटरवर जाळलेल्या चकत्या तर आमच्या उन्हाळ्यानं कधीच खाल्ल्या. त्यांच्यात खड्डे नसतात, रंगाचा थर असतो, आणि तो उन्हानं, उष्णतेनं विटतो. माझ्याकडच्या अशा तीसेक चकत्यांतल्या चार वाजल्या.

मग तिनं परीक्षा मांडली. माझीच अस्सल सीडी घेतली, अभंगांच्या मैफिलीची. टाळ, पखवाज, तानपुरे आणि शेवटी टाळ्या. ती लॅपटॉपवर उतरवली आणि त्याच फाईलवरून एक ३२० किलोबिटची आणि एक ९६ ची प्रत काढली. वायरचे हेडफोन. तिन्हींचा आवाज आधी मोजून सारखा केला, कारण एखादा आवाज केसभर जरी मोठा असला तरी माणूस त्यालाच चांगला म्हणतो. दुकानदारांना हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. मग सोळा फेऱ्या. दर वेळी ओळखायचं, आत्ता वाजलं ते सीडीचं की ३२० चं. सोळापैकी बारा जमले तर कानाला काही कळतंय म्हणायचं, त्याच्या खाली नुसती छापाकाटा.

माझे नऊ आले.

मी पुन्हा एकदा घे म्हणालो. चहा घेतला, पंखा बंद केला, घामाघूम होऊन बसलो. सात आले.

९६ ची प्रत मात्र सोळापैकी पंधरा वेळा ओळखली, तीही टाळांवरून. पखवाजाला काही होत नाही, गळा बऱ्यापैकी टिकतो, पण टाळाचा ठणका पाण्यात बुडवून काढल्यासारखा येतो. टाळ वाजण्याच्या क्षणभर आधीच एक चिरचिरी लागते, चोराच्या पावलांसारखी. शेवटच्या टाळ्या म्हणजे तापल्या तव्यावर पाणी. डेटा वाचवायच्या सेटिंगवर भजन ऐकणाऱ्यांनी निदान एकदा ती सेटिंग उघडून बघावी, एवढी माझी हात जोडून विनंती आहे.

ब्लूटूथचं एका वाक्यात आटपतो. लॉसलेस लावा नाहीतर काही लावा, नेहमीच्या ब्लूटूथवर जाताना आवाज पुन्हा एकदा कापला जातो, साध्या एसबीसी रीतीत फार तर ३२८ किलोबिटांपर्यंत. कडक भाकरी मुद्दाम खरपूस करून घ्यायची आणि ताटात येताच आमटीत चुरायची. लागते चवदार, हा भाग वेगळा.

तर हरलो. दोन दिवस गप्प होतो. तिसऱ्या दिवशी मला आठवली माझी खरी लाडकी सीडी. मारवा रागाची, मैफलीतलं ध्वनिमुद्रण, सत्तरच्या दशकातल्या टेपवरून नव्वदच्या दशकात सीडीवर आलेलं. टेपची सूं अशी हवा पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकू येते. तेच गाणं मी ॲपवर लावलं, लॉसलेसमध्ये, वायरच्या हेडफोनवर. आणि पहिल्या मिनिटाला उठून बसलो. हे ते नव्हतं.

मुलीला बोलावलं. आवाज सारखे केले. डोळे मिटून पाचपैकी पाच. पुन्हा पाचपैकी पाच.

"बघ!" मी म्हणालो. "सीडीचा आवाज वेगळा असतो."

ती काही बोलली नाही. दोन्ही फाईली तिनं पडद्यावर एकाखाली एक उघडल्या. सीडीची आकृती म्हणजे बार्शीकडून दिसणारा बालाघाट, सुरुवातीची आलापी अगदी जमिनीलगत, मग हळूहळू चढ, द्रुत तराण्याला शिखरं. ॲपवरची म्हणजे विटांचं कुंपण. पहिल्या आलापापासून शेवटच्या तिहाईपर्यंत एकच उंची. नावापुढं बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'रीमास्टर्ड'.

कुणीतरी कुठल्यातरी स्टुडिओत बसून हे गाणं स्वच्छ केलं होतं. हलका आवाज उचलला, मोठा दाबला, म्हणजे गाडीत, जिममध्ये सगळं सारखं ऐकू यावं. आणि टेपची सूं काढून टाकली. आता सूं काढायची चाळणी ही अखंड चालणाऱ्या बारीक आवाजावर नेम धरते. अखंड चालणारा बारीक आवाज मैफलीत आणखी कुणाचा असतो? तानपुऱ्याची जवारी. घोडीवरच्या त्या रेशमी दोऱ्यानं जागवलेले वरचे वरचे सूर, ज्यांच्यात गवई उभा असतो, ते हवेबरोबर झाडून नेले होते. उरला होता नुसता टणत्कार. मारव्यात षड्ज आधीच लपवून ठेवायचा असतो, इथं तर त्याच्या पायाखालची सतरंजीच ओढलेली.

आणि ही झाडलोट लॉसलेस होती बरं का. बिट न् बिट शाबूत. उजनीपासून सोलापूरपर्यंत पाईप कितीही मोठा टाका, धरणात जे आहे तेच नळाला येणार.

म्हणजे मी बरोबर होतो आणि मुलगीही. ती नकलेबद्दल बोलत होती, तिथं ३२० मध्ये माझ्या कानाला पुरून उरेल एवढं येतं. मी जे वेगळं म्हणत होतो ते चकतीत नव्हतं, ती नक्कल कुठल्या प्रतीवरून काढली त्यात होतं. आणि सीडीही यात सोवळी नाही. मेटॅलिका या बँडच्या २००८ च्या अल्बमची सीडी इतकी दाबून भरलेली निघाली, की चाहत्यांनी एका व्हिडिओ गेममध्ये असलेली त्याच गाण्यांची प्रत शोधून काढली आणि तीच बरी म्हणून ऐकली. आता बऱ्याच ॲपवाल्यांनी सगळ्या गाण्यांचा आवाज आपणहून एका पातळीला आणायची सोय केलीय, त्यामुळं मुद्दाम मोठं करून फायदा राहिलेला नाही. पण एकदा दाबलेलं गाणं त्यामुळं उलगडत नाही. ॲपवर जुन्या प्रतीही असतात कधीकधी, खाली खाली सरकत गेलं तर. पण दोन प्रतींत फरक काय, हे तिथं कुणी लिहीत नाही. सीडीच्या मागं निदान तबल्याला कोण, हार्मोनियमला कोण, एवढं तरी असायचं.

मुलीनं मग एका ॲपवर आमचे कान मोजले. ती १७,००० पर्यंत ऐकते. मी साडेबारा हजारांना थांबलो. स्वस्त एमपीथ्रीमधून १६,००० च्या वरचं कापून टाकतात म्हणून मी वर्षानुवर्षं तक्रार करत होतो, आणि ते माझ्या शरीरानं आधीच कापून टाकलेलं. अण्णांचं मोजायची गरज नव्हती, त्यांचा कागद कपाटात आहे. कारखान्याचा गोंगाट आधी चार हजार कंपनांच्या आसपासचं ऐकणं खातो, मग तिथून पसरतो. मागांच्या शेडमध्ये नव्वद डेसिबल सहज ओलांडतात आणि अण्णांनी तिथं चौतीस वर्षं काढली, कानात जास्तीत जास्त कापसाचा बोळा, तोही जमादार बघत असेल तर. त्यांना टाळ ऐकू येत नाहीत. नातीचं बोलणं अर्धं ओठांवरून कळतं.

तरी ते रोज ऐकतात. ऐकतात म्हणजे स्पीकरच्या लाकडी खोक्यावर तळहात ठेवून बसतात. आम्ही तो म्हातारपणाचा चाळा समजायचो. जॉबर मागाला हात लावूनच सांगतो, कुठला बोल्ट सैल आहे ते. शेडमध्ये कानाचा उपयोग तसाही नाही.

त्या दिवशी दोन्ही मारवे मी त्यांच्या हाताखाली लावून बघितले. कुठला कुठला ते सांगितलं नाही. आधी सीडीचा, मग ॲपवरचा. ॲपवरचा चालू झाल्यावर मिनिटभरानं त्यांनी हात उचलला आणि माझ्याकडं वळले.

"हे सारखंच चाललालंय बे. मघाचं थांबत होतं."

मुलगी त्यांच्याकडं बघत राहिली. मग लॅपटॉप मिटून आत गेली.

तिची सुट्टी संपली. थंडीत आम्ही हुरड्याला मंगळवेढ्याकडं गेलो होतो. मालदांडी ज्वारी कणसात आलेली, आणि पाखरं हाकायला शेतकऱ्यानं शेतभर दोऱ्या बांधून त्यांना सीड्या लटकावलेल्या. वारा आला की सगळं शेत लखलखायचं. मी कणीस सोडून सीड्यांची लेबलं वाचत बांधाबांधानं फिरायला लागलो. '१५० सुपरहिट', लग्नाची एक, कुठल्यातरी कॉम्प्युटर क्लासची एक, पुन्हा '१५० सुपरहिट'. आणि कोपऱ्यात, भोकातून सुतळी ओवलेली, एक अस्सल. नाट्यसंगीत, मला हवी असलेली, ॲपवर फक्त झाडून पुसून ठेवलेली.

शेतकऱ्याला विचारलं, ही घेऊ का.

"घ्या की. बदल्यात दुसरी बांधा कुठली पण. पाखराला काय, चमकल्याशी मतलब."

गाडीत मेलेल्या जाळलेल्या सव्वीस चकत्यांचा गठ्ठा होता, द्यायचा म्हणून ठेवलेला. सगळाच देऊन टाकला.

घरी आणून साबणाच्या पाण्यानं धुतली, मधून बाहेर पुसली. बटण दाबलं, ट्रे अडला, मुलगी पुण्याला, म्हणून बायकोनं ओढला. अण्णांचा हात खोक्यावर. पहिलं पद लागलं, दुसरं, तिसरं, सगळं नीट. सीडी आतून बाहेर वाचतात आणि उन्हावाऱ्यानं जे काही केलं ते बहुतेक कडेला केलेलं असणार. सहाव्या पदात ऑर्गन वाजता वाजता एकाच सुरावर खटखटायला लागला. मी स्वयंपाकघरात होतो, भांड्यांच्या आवाजात मला कळलं नाही. बाहेर आलो तर अण्णा एक हात खोक्यावर ठेवून दुसऱ्या हातानं मला खूण करत होते, बोटं जुळवून आडवी आणि मध्येच वाकडी.

धोटा अडकलाय.